आधी अंधार मोजा

हार्बर लाइनवर रे रोड गेलं की पुढचं स्टेशन कॉटन ग्रीन. पश्चिमेला उतरलात तर काळाचौकी, अभ्युदयनगर आणि तिथून लालबाग; पूर्वेला बंदराची जमीन, उभे ट्रक आणि गोदामं. मुंबईचा कापूसबाजार 1844 मध्ये फोर्टातून कुलाब्याला हलला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथून इथल्या भरावाच्या जमिनीवर आला. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची गाडी धावली तीही याच मार्गानं. आता गाठी गेल्या, भिंती उरल्या. नाटकवाला माणूस अशा लांबलचक भिंतीसमोर दोन मिनिटं उभा राहिला की त्याला तिथे पडदा दिसायला लागतो. पुढे गिरणगावावरचं नाटक चाललंय आणि मागे अख्ख्या भिंतीवर 1982 च्या संपातली गर्दी सरकते आहे, ही कल्पना इथे उभं राहून कुणालाही सुचेल.

कल्पना सुचली की पहिला फोन जातो तो प्रोजेक्टर भाड्यानं देणाऱ्याला, आणि पहिला प्रश्न ठरलेला: किती ल्युमेनचा लागेल? माझ्या मते हा प्रश्न यादीत पाचवा-सहावा यायला हवा. त्याच्या आधी भिंत आहे, भिंतीवर आधीच पडलेला उजेड आहे, यंत्र ठेवायची जागा आहे, नट कुठे उभा राहणार ते आहे आणि हे सगळं लावायला मिळणारा वेळ आहे. ल्युमेन पैसे टाकून मिळतात. बाकीच्या गोष्टी तशा मिळत नाहीत.

कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करू. समजा भिंतीचा 16 मीटर रुंद आणि 9 मीटर उंच तुकडा हाताशी आला. क्षेत्रफळ 144 चौरस मीटर. त्यावर 30,000 ल्युमेनचा झोत पसरला तर प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला सुमारे 208 ल्युमेन येतात, म्हणजेच 208 लक्स. पण प्रेक्षकाला दिसतो तो भिंतीवर पडणारा उजेड नाही, भिंतीवरून परत येणारा उजेड. धुरानं आणि पावसानं काळवंडलेली सिमेंटची भिंत पडलेल्या उजेडापैकी तीसेक टक्के परत देते, चुन्यानं पांढरी केलेली ऐंशी टक्क्यांच्या आसपास. लक्सला या प्रमाणानं गुणून 3.14 नं भागलं की चित्राची चमक मिळते. काळवंडलेल्या भिंतीवर ती 20 कँडेला प्रति चौरस मीटर भरते, पांढऱ्यावर 53. चित्रपटगृहात डिजिटल प्रक्षेपणाचं प्रमाण 48 आहे. म्हणजे पांढऱ्या भिंतीवर सिनेमाच्या तोडीचं चित्र, आणि तेच यंत्र मळक्या भिंतीवर लावलं तर फिकट, बसकं. मळक्या भिंतीवर तेवढीच चमक हवी तर 80,000 ल्युमेन आणावे लागतील. चुन्याचे दोन हात म्हणजे 50,000 ल्युमेनची बचत. त्यासाठी बादल्या, कुंचे आणि बंदर प्राधिकरणाची परवानगी लागते. परवानगीचं काम चुन्यापेक्षा अवघड असेल, हे मान्य.

इथे एक सावधगिरी. माहितीपत्रकातला ल्युमेनचा आकडा नव्या यंत्राचा, अनुकूल परिस्थितीतला असतो. लेन्स, रंगांची दुरुस्ती, फिल्टरवरची धूळ, यंत्राचं वय यांत त्यातला पाव भाग सहज जातो. म्हणून वरचा हिशेब कंजूषपणे करावा.

आता उजेडाची उलटी बाजू. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. चित्रातला काळा म्हणजे ज्या जागी यंत्र उजेड टाकत नाही ती जागा, आणि तिथे दिसतो तो भिंतीवर आधीच असलेला उजेड. शेजारचा रस्त्यावरचा दिवा भिंतीवर 15 लक्स टाकत असेल, तर आपला पांढरा 208 अधिक 15, आणि काळा 15. प्रमाण 15 ला 1. रात्रीचं दृश्य असलं तर ते धुक्यातलं वाटेल. तोच दिवा झाकून भिंतीवरचा उजेड 2 लक्सवर आणला तर प्रमाण शंभरावर जातं. यंत्र तेच, भाडं तेच. त्यामुळे जागेच्या पहिल्या पाहणीला दिवसा जाण्यात अर्थ नाही. रात्री, नाटकाच्या वेळेला जावं, लक्समीटर भिंतीला टेकवून ठिकठिकाणचे आकडे लिहावेत, आणि कुठला दिवा कुणाच्या अखत्यारीत आहे ते टिपून घ्यावं.

उघड्यावरच्या प्रयोगाचं वेळापत्रकही हाच अंधार ठरवतो. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातनंतर. उघड्यावर ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करावा लागतो. मधला संधिप्रकाश वजा केला तर हिवाळ्यात साडेतीन तास हाती राहतात, उन्हाळ्यात त्याहून कमी, आणि पावसाळ्याचे चार महिने विषयच नाही. चित्र भिंतीवर बसवायचं कामही अंधारातच होतं, कारण दिवसा चित्र दिसतच नाही. म्हणजे दिवसभर परांची बांधायची आणि रात्रभर चित्र जुळवायचं. आयोजकाच्या अंदाजपत्रकात या रात्री बहुतेक वेळा धरलेल्याच नसतात.

परांचीचंही एक गणित आहे. 16 मीटर रुंदीच्या चित्रासाठी दीडपट अंतराची लेन्स घेतली तर प्रोजेक्टर भिंतीपासून 24 मीटरवर उभा करावा लागतो. तिथे लोखंडी नळ्यांचा मनोरा बांधला आणि तो वाऱ्यानं अंशाचा दहावा भाग डोलला, तर भिंतीवरचं चित्र चार सेंटीमीटर सरकतं. एकच यंत्र असेल तर प्रेक्षक हे माफही करतील. पण दोन यंत्रांची चित्रं शेजारी जोडून एक केली असतील तर जोडावर सगळं दोन-दोन दिसायला लागतं. शिवडीकडून येणारा खाडीचा वारा आणि बाजूनं जाणारे लादलेले ट्रक, दोन्ही गोष्टी या भागात फुकट मिळतात. म्हणून मनोरा रुंद पायाचा, ताणदोऱ्यांनी बांधलेला, आणि महत्त्वाचं म्हणजे माणसांच्या चढ-उताराच्या जिन्यापासून वेगळा हवा. ऑपरेटर खुर्चीत मागे रेलला आणि चित्र हललं, असं होता कामा नये.

आता छपराखाली येऊ, कारण मराठी नाटक राहतं तिथे. परळचं दामोदर 2023 पासून बंद आहे. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, प्रभादेवीचं रवींद्र, गिरगावातलं साहित्य संघ अशी घरं आहेत. इथे दिवे झाकायला कुणाची परवानगी नको, तरी उजेडाचा प्रश्न आणखी वाढतो, कारण इथे उजेड टाकणारा माणूस आपलाच असतो. प्रकाशयोजनाकाराला नटाचा चेहरा दाखवायचा आहे. चेहऱ्यावर टाकलेला उजेड जमिनीवर आपटतो, उसळतो आणि मागच्या चित्रावर जातो. 8 मीटर रुंद, साडेचार मीटर उंच चित्र घ्या: 36 चौरस मीटर. 10,000 ल्युमेनच्या यंत्रानं 278 लक्स मिळतात. उसळलेला उजेड 20 लक्स असेल तर प्रमाण 15 ला 1. तो 5 लक्सवर आणला तर 56 ला 1. उजेड न आवरता नुसतं यंत्र मोठं करून 56 गाठायचं म्हटलं तर चौपट, म्हणजे 40,000 ल्युमेन लागतात. पडद्यावर सांडलेला उजेड चहात पडलेल्या पाण्यासारखा असतो. वरून पूड-साखर वाढवत बसता येतं, पाणी काही निघत नाही.

तो सांडूच नये म्हणून काय करायचं ते जुन्या रंगकर्मींना ठाऊक आहे, फक्त ते व्हिडिओसाठी नव्यानं करावं लागतं. समोरचे दिवे कमी करून विंगेतून आडवे दिवे घ्यायचे, म्हणजे उजेड नटाला घासून समोरच्या विंगेत जाईल, मागे जाणार नाही. जमिनीवर काळं, बिनचमकेचं कापड अंथरायचं. दिव्यांच्या तोंडाला पाखे लावून कडा कापायच्या. पडदा पांढऱ्याऐवजी करडा घ्यायचा. त्यानं चित्राची चमक कमी होते, पण सांडलेला उजेडही तेवढाच गिळला जातो, आणि बाजूच्या भिंतींवरून परत येणारा त्याहून जास्त. यातली कुठलीही गोष्ट व्हिडिओवाला एकटा करू शकत नाही. म्हणून नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार आणि व्हिडिओ करणारा यांची पहिली बैठक नेपथ्याचा नकाशा पक्का होण्याआधी व्हावी. नेपथ्य तयार, दिवे ठरले, आणि मग 'मागे जरा व्हिडिओ टाकू' असं ज्या नाटकात झालं असेल ते प्रेक्षागृहातून लगेच ओळखू येतं: नट उजळ, मागे फिकट आयत.

पुढचा प्रश्न सावलीचा. हा मला सगळ्यात मजेशीर वाटतो, कारण इथे भूमिती थेट दिग्दर्शकाच्या हालचालींत शिरते. प्रोजेक्टर बाल्कनीच्या कठड्यावर ठेवला, रंगमंचाच्या पातळीपासून 5 मीटर उंच आणि पडद्यापासून 20 मीटर लांब. चित्राची खालची कड जमिनीपासून 1 मीटरवर. पावणेदोन मीटर उंचीचा नट पडद्यापासून पावणेचार मीटरच्या आत आला की त्याचं डोकं चित्रात काळं उमटतं. आपल्या नाट्यगृहांच्या रंगमंचाची खोली पाहता, निम्म्याच्या जवळपास जागा नटाला बंद झाली. आता तेच यंत्र पुढच्या बारला, 6 मीटर उंचीवर, पडद्यापासून 6.4 मीटरवर टांगा. 8 मीटर रुंदीला 0.8 ची लेन्स लागेल. किरण खड्या उतारानं येतात आणि बंद जागा एक मीटरभर उरते. तिसरा मार्ग म्हणजे चित्राची खालची कडच दोन मीटरवर नेणं. मग सावलीचा प्रश्नच मिटतो. मात्र चित्र नटाच्या डोक्यावर तरंगतं आणि तो त्या जगात उभा आहे असं वाटत नाही. यातलं काय चालेल ते दिग्दर्शकानं ठरवायचं, पण तालमी सुरू होण्याआधी. तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर चिकटपट्टीनं सावलीची रेघ आखून घेतली की नट ती आपोआप पाळायला लागतात.

बारला टांगायचं तर आणखी दोन गोष्टी. यंत्राचं वजन: 10,000 ल्युमेनचं पंचवीस-तीस किलो, 20,000 चं पन्नासच्या आसपास. नाट्यगृहाचा बार किती भार घेतो ते व्यवस्थापनाकडून लेखी घ्यावं, आणि क्लॅम्पशिवाय वेगळी सुरक्षासाखळी लावावी. दुसरी गोष्ट आवाजाची. यंत्राचा पंखा सतत घुमत असतो आणि शांत प्रसंगात तो पहिल्या रांगेला ऐकू जातो. पडद्यामागून चित्र टाकलं तर सावलीही नाही आणि आवाजही कमी, पण त्यासाठी पडद्यामागे रिकामी खोली हवी. नेपथ्य लागल्यावर मागे दोन-अडीच मीटर उरतात, तेवढ्यातून नटांची ये-जाही चालू असते. अगदी जवळून फेकणाऱ्या लेन्स मिळतात. त्या महाग असतात, आणि तिरक्या कोनामुळे चित्राचा मधला भाग उजळ, कडा मंद असा फरक पडतो.

मराठी रंगभूमीला हे सगळं अगदी परकं आहे असं कुणी समजू नये. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1890 च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' या नावानं जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, एकामागून एक सरकवून निर्माण केलेला हालचालीचा भास, आणि सोबत प्रत्यक्ष निवेदन व गाणी. पुढे त्यांच्या मुलांनी हे खेळ ठिकठिकाणी नेले. ल्युमिएर बंधूंची चित्रं मुंबईच्या वॉटसन हॉटेलात 7 जुलै 1896 ला दिसली, त्याच्या आधीपासून हे चालू होतं. बर्लिनमध्ये एर्विन पिस्काटोरनं 1920 च्या दशकात नाटकात फिल्म आणली आणि प्रागच्या योसेफ स्वोबोदानं 1958 च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात 'लातेर्ना माजिका'मधून पडद्यावरचा आणि समोरचा नट एकमेकांशी जोडून दाखवले. आपल्याकडे रंगवलेल्या पडद्यांवरून बॉक्स सेट आणि 'तो मी नव्हेच'चा फिरता रंगमंच असा प्रवास झाला. लालबाग-काळाचौकीच्या गणेशोत्सवातले हलते देखावे पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला रंगमंचावरच्या यंत्राचं अप्रूप असतं, भीती नसते.

अडचण आहे ती वेळेची. 2016 मध्ये फिरोज अब्बास खान यांनी एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये 'मुघल-ए-आझम' आणलं. त्यातली प्रोजेक्शनं जॉन नारून यांची होती; महाल, जाळ्या, शीशमहाल यांचा मोठा भाग प्रकाशचित्रांनी उभा केला होता. 2023 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात 2,000 आसनांचं ग्रँड थिएटर उघडलं, तेही खान यांच्याच 'सिव्हिलायझेशन टू नेशन'नं. अशा ठिकाणी नाटक येतं, मुक्काम करतं, दिवसचे दिवस यंत्रं जागेवर राहतात. एकदा जुळवलेलं चित्र दुसऱ्या दिवशी तिथेच सापडतं.

आपलं व्यावसायिक नाटक शनिवारी दुपारी दादरला, रात्री ठाण्याला आणि रविवारी पुण्याला. एकाच नाट्यगृहात दिवसाला तीन सत्रं. आधीच्या नाटकाचं नेपथ्य उतरून आपलं लागेपर्यंत दोन-तीन तास मिळतात, त्यात दिवे, ध्वनी, माइक, चहा आणि एखाद्या नटाचा वाहतुकीत अडकल्याचा फोन. त्यातून व्हिडिओच्या वाट्याला जेमतेम अर्धा-पाऊण तास येतो. तेव्हा दौऱ्याच्या नाटकाची यंत्रणा आखताना ती सगळ्यात मोठ्या नाट्यगृहात किती भव्य दिसेल हे विचारू नये. सगळ्यात अडचणीच्या नाट्यगृहात पाऊण तासात लागेल का, हे विचारावं.

त्याची तयारी घरीच करायची. दौऱ्यातल्या प्रत्येक नाट्यगृहाची वही ठेवायची: रंगमंचाची रुंदी, खोली, बारची उंची आणि अंतरं, बाल्कनीचं अंतर, वीज कुठल्या बाजूला, किती अँपिअरची. अंतर भागिले चित्राची रुंदी म्हणजे लेन्सचा आकडा. सगळ्या जागांचे आकडे काढले की एक झूम लेन्स पुरेल की दोन न्याव्या लागतील ते गाडी निघण्याआधी कळतं. चित्र तिरकं आलं तर ते संगणकी 'कीस्टोन'नं सरळ करण्याची सवय वाईट. त्यात चित्राचे ठिपके वाया जातात. लेन्स वर-खाली सरकवण्याची सोय असलेलं यंत्र घ्यावं आणि बार समांतर बांधावा. पडद्याच्या चार कोपऱ्यांवर आणि मध्यावर बारीक खुणा शिवून घ्याव्यात, म्हणजे जुळवणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही. आणि चित्र मुळातच थोडं मोठं बनवावं, कडांना महत्त्वाचं काही न ठेवता, म्हणजे एखाद्या अरुंद रंगमंचावर बाजू कापल्या तरी कुणाचा चेहरा जात नाही.

केबलचंही तेच. घरी चालणारी एचडीएमआय केबल प्रेक्षागृहाच्या मागून रंगमंचापर्यंत न्यायला गेलात तर चित्र चमकायला तरी लागतं किंवा येतच नाही. तेवढ्या अंतराला एसडीआय, फायबर किंवा शंभर मीटरपर्यंत चालणारी एचडीबेसटी ही साधनं लागतात. वीज डिमरच्या फेजवरून घेऊ नये.

एवढ्या कटकटीपेक्षा एलईडी भिंत बरी, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिला सावलीचा त्रास नाही, सांडलेल्या उजेडाचं भय नाही. पण वजन चौरस मीटरला तीसेक किलो धरलं तर आपल्या 36 चौरस मीटरचा टनावर भार होतो. तो उभारायला वेळ आणि माणसं लागतात. माझी हरकत वेगळी आहे. ती भिंत स्वतःच एवढी प्रखर असते की नटाचा चेहरा तिच्यापुढे काळवंडतो, मग चेहऱ्यावरचे दिवे वाढवा, मग भिंत वाढवा, असा खेळ सुरू होतो. पारितोषिक वितरणाला ती ठीक. दोन माणसं हळू आवाजात बोलत असताना मागे दिसलेला पाऊस मात्र प्रोजेक्टरचाच बरा; तो कपड्यासारखा नेपथ्यावर अंग टाकतो.

चित्र लागलं की ते चालवायचं कसं, हे उरतं. संगणकावर क्यूलॅब, वॉचआउट, रेझोल्यूम यांसारखी साधनं असतात. मोठ्या प्रयोगांना वेगळा मीडिया सर्व्हर. कुठलंही असो, चित्रपटासारखी सलग फिल्म करून ठेवणं ही चूक. मराठी प्रेक्षागृहात हशा कधी चार सेकंद टिकतो, कधी चौदा. टाळ्यांवर नट थांबतो. संगीत नाटकात वन्समोअर आला तर गाणं पुन्हा होतं. सलग फिल्म यातल्या कशासाठीच थांबत नाही. म्हणून प्रत्येक क्यूचा शेवट अखंड फिरत राहणाऱ्या तुकड्यावर व्हावा, आणि पुढचा क्यू माणसानं, वाक्य ऐकून द्यावा. हा माणूस तालमींना बसलेला असला पाहिजे. भाड्याच्या यंत्राबरोबर प्रयोगाच्या दिवशी आलेल्या मुलाच्या हाती नाटक देणं म्हणजे तबलजीला थेट मैफलीत बंदिश ऐकवणं.

राहिली यंत्र दगा देण्याची वेळ. दोन संगणक एकाच वेळी तोच कार्यक्रम चालवत ठेवावेत आणि मध्ये बदलायचं बटण असावं. परवडत असेल तर एका मोठ्या यंत्राऐवजी दोन निम्म्या ताकदीची एकावर एक रचावीत. एक गेलं तर चित्र मंद होतं, जात नाही. संगणकाला यूपीएस हवाच. आणि प्रोजेक्टर घेतल्या दिवशी त्याच्या मेनूत जाऊन एक गोष्ट बदलावी: सिग्नल तुटल्यावर काय दाखवायचं. कारखान्यातून येताना तिथे बहुधा निळा पडदा किंवा कंपनीचं बोधचिन्ह असतं. तिथे 'काळा' निवडायचं. नाहीतर नायिकेच्या मृत्यूच्या प्रसंगी केबल निघाली, तर तिच्या डोक्यावर साडेचार मीटर उंचीचं कंपनीचं नाव झळकतं, आणि दुसऱ्या दिवशी फेसबुकवर नाटकाचा तेवढाच फोटो फिरतो.